बारा फुटांवरचा फोटो

आमच्याकडे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना किल्ला दाखवायचा, हा नळदुर्गातल्या बहुतेक घरांचा रिवाज आहे. नाश्ता उरकून मंडळी निघतात. उपळी बुरुजावर चढतात, खाली उतरून बोरी नदीच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल पाहतात. पावसाळा असेल तर नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून कोसळणारे पाणी पाहून 'सुबहानअल्लाह' म्हणतात, फोटो काढतात आणि जेवायला घरी परततात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन या स्थापत्यकाराने हा बंधारा आणि त्याच्या पोटातला महाल उभा केला. चारशे वर्षे तो पाणी अडवून उभा आहे. पाहुण्यांना दाखवावे असे याहून मोठे आमच्या गावात काही नाही, म्हणून आम्हीही वर्षानुवर्षे हेच दाखवत आलो.

लहान काही पाहायचे राहून गेले आहे, हे आम्हाला एका मुलाने सांगितले.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुट्टीत सोलापूरहून आमच्या बहिणीचा मुलगा आला. वय चौदा. गळ्यात लांबची वस्तू जवळ ओढणारा कॅमेरा. बंधाऱ्यावर सगळे पाण्याकडे पाहत होते आणि हा काठावरच्या एका दगडाकडे. म्हणाला, "मामू, ते काळंपांढरं काय आहे?"

आम्ही मोठ्या रुबाबात सांगितले, "दयाळ."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दयाळ आमच्या शाळेत आहे. तो शेपटी वर उभी करतो. हा तर नुसती खाली-वर आपटतोय."

घरी आल्यावर अम्मींना विचारले. त्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वो परीट है. धोबी कपडे पटकता नं, वैसी दुम पटकता. नद्दी पे हमेशा रहता."

म्हणजे ज्या नदीवर आमचे बालपण गेले, तिथला रोजचा पक्षी आम्हाला नावाने ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नसताना आम्ही ठोकून नाव सांगितले होते. अम्मींना मात्र ते ठाऊक होते, कारण त्यांच्या लहानपणी नदीवर कपडे धुवायला गेलेल्या बायकांना तो दोन हातांवर दिसे. त्या दिवसापासून आमच्या घरात एक वही सुरू झाली. त्या वहीविषयी आणि तिच्यातल्या एका पानाविषयी या महिन्यात लिहायचे आहे.

लांबून ओळखायचे कसे?

छोटा पक्षी लांबून पाहताना प्रत्येक जण एकच चूक करतो, आधी रंग पाहतो. रंग उजेडावर अवलंबून असतो. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर पिवळासुद्धा काळा दिसतो. म्हणून आम्ही मुलांना रंग सगळ्यात शेवटी विचारतो. आधी पाच गोष्टी पाहायच्या.

पहिली, आकार. पण सेंटिमीटरमध्ये नाही. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कबुतराएवढा की कावळ्याएवढा? चिमणीहून थोडा मोठा की थोडा लहान? डॉ. सलीम अली यांनी १९४१ साली निघालेल्या आपल्या भारतीय पक्ष्यांवरच्या पुस्तकात हीच पद्धत वापरली. ओळखीच्या पक्ष्याचे माप घ्यायचे आणि त्यापुढे अधिक किंवा उणे. आपल्याकडे पाव-अर्ध्याचा अंदाज जसा हाताने घेतात, तसेच हे.

दुसरी, चोच. जाड आणि आखूड असेल तर दाणे फोडणारी, बारीक आणि सरळ असेल तर किडे टिपणारी, लांब आणि वाकडी असेल तर फुलातला रस पिणारी.

तिसरी, शेपटी. किती लांब आहे, त्याहून महत्त्वाचे म्हणजे पक्षी तिचे काय करतो. धोबी ती खाली-वर आपटतो. शिंपी आणि चिरक ती पाठीवर उभी धरतात. कोतवालाची शेपटी टोकाला दुभंगलेली असते आणि ती कितीही लांबून दिसते.

चौथी, जागा. दगडावर, झुडपाच्या शेंड्यावर, झुडपाच्या आत, विजेच्या तारेवर की जमिनीवर? माणूस कुठे बसतो यावरून जसा त्याचा धंदा कळतो, तसाच पक्षीही कळतो.

पाचवी, आवाज. तो शब्दांत लिहायचा प्रयत्न करावा. चूक झाली तरी हरकत नाही, लिहिताना कान उघडतो.

हे पाचही पाहून झाले की रंग पाहावा, आणि तोही एका जागी: डोळ्याच्या वर भुवईसारखी रेघ आहे का, पंखावर पट्टा आहे का, शेपटीखाली कोणता रंग आहे?

किल्ल्यातलेच उदाहरण घेऊ. तटाच्या आतल्या माळावर दोन काळे पक्षी दिसतात, दोन्ही चिमणीच्या मापाचे. एक चिरक, दुसरा काळा गप्पीदास. लांबून दोन्ही काळे ठिपके. पण चिरक बहुधा जमिनीवर नाहीतर दगडावर उड्या मारतो, शेपटी पाठीकडे उभी ठेवतो आणि तिच्याखाली तांबूस रंग असतो. गप्पीदास झुडपाच्या शेंड्यावर ताठ बसतो, खाली झेप घेऊन किडा टिपतो आणि पुन्हा तिथेच येतो. उडाला की पंखावर आणि पाठीच्या खालच्या भागावर पांढरे चमकते. एकदा हा फरक कळला की पन्नास पावलांवरूनही चूक होत नाही. हे नरांचे झाले. माद्या दोघांच्याही तपकिरी आणि साध्या, त्यांना जागेवरून आणि वागण्यावरूनच ओळखावे लागते.

आता आमचा धोबी. हिवाळ्यात बोरीकाठी दोन प्रकारचे काळे-पांढरे धोबी दिसतात. एक इथला कायमचा रहिवासी. त्याचे डोके, गळा आणि छाती काळी असते आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई. कपाळ काळे. दुसरा हिवाळ्याचा पाहुणा, पांढरा धोबी. त्याचा चेहरा आणि कपाळच पांढरे असते. म्हणजे प्रश्न एकच: काळ्या तोंडावर पांढरी भुवई आहे, की तोंडच पांढरे आहे? उन्हाळा लागला की पाहुणा उत्तरेकडे निघून जातो आणि भुवईवाला इथेच संसार थाटतो.

वहीत आम्ही तीन रकाने आखले: 'नक्की', 'बहुधा' आणि 'माहीत नाही'. पहिल्या महिन्यात शेवटचा रकाना सगळ्यात लांब झाला. वटवट्या या गवतातल्या चिमुकल्या पक्ष्यांनी तर आम्हाला फार दमवले. त्यांचे प्रकार एकमेकांसारखे, एक मिनिट स्थिर बसत नाहीत. आमच्या लेकीला मोकळे रकाने आवडत नाहीत. ती म्हणायची, "अब्बा, साधा वटवट्याच असेल, लिहून टाकू." आम्ही लिहू दिले नाही. न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही द्यायची नसते, ती माणसाबद्दल असो की पाखराबद्दल. आज मोबाइलमध्ये आवाज ऐकून नाव सुचवणारे 'मर्लिन'सारखे फुकट ॲप आहे. ते जरूर वापरावे. पण ते सुचवते, साक्ष आपली असते. नावांसाठी मराठीत मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' आहे. आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने जंगलात आयुष्य घालवून पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली.

बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत

सलीम अलींचे नाव वर आले, तर त्यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. त्यांची गोष्ट आमच्या घरात मुलांना फार आवडते.

१८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच अनाथ झाला आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढला. हातात छर्‍याची बंदूक होती आणि चिमण्या मारायचा नाद होता. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. त्या कपाटांपाशी भारताचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडायला लागला. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याच्या नावातही ती पडलेली चिमणी आहे.

आमच्या भागाशीही त्यांचा संबंध येतो. त्या वेळी उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. खर्च मिळाला तर पगार नको, अशा अटीवर ते असली कामे अंगावर घेत. त्यांनी गोळा केलेले नमुने ह्यू व्हिसलर या इंग्रज अभ्यासकाने तपासले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ती पाहणी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली.

यातला 'नमुने' हा शब्द लक्षात घ्यावा. त्या काळात छोटा पक्षी खात्रीने ओळखायचा तर तो मारून हातात घ्यावा लागे. दुसरी सोय फारशी नव्हती. आज आपण ज्या पुस्तकांवरून पक्षी ओळखतो, त्यातली कित्येक माहिती अशा मेलेल्या पक्ष्यांवरून मोजून लिहिलेली आहे. त्या पिढीने ती किंमत मोजली, म्हणून आपल्याला ती पुन्हा मोजावी लागत नाही. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण हातात घेतली की चाळीस मीटरवरचा पक्षी पाच मीटरवर बसल्यासारखा दिसतो. त्याला कळतही नाही की कुणी पाहिले.

पण पाच मीटरवर दिसला की माणसाला वाटते, अजून थोडे जवळ जावे. आमचे तेच झाले.

ती एप्रिलची सकाळ

परीक्षा संपल्या आणि भाचा पुन्हा आला. तोवर तो आमच्यापेक्षा पुढे गेला होता. सूर्य पाठीशी ठेवायचा, नेम पक्ष्याच्या डोळ्यावर धरायचा, शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत न्यायचा, काळा-पांढरा पक्षी उन्हात असेल तर उजेड थोडा कमी करायचा, म्हणजे पांढरी पिसे जळाल्यासारखी दिसत नाहीत, हे सगळे त्याला येत होते. नव्हते ते एकच, जवळून घेतलेले चित्र.

बंधाऱ्याजवळच्या जुन्या भिंतीत, पाण्यापासून थोड्या उंचीवर, दोन दगडांच्या मधल्या कपारीत भुवईवाल्या धोब्याच्या जोडीने घरटे केले होते. आम्हाला ते दुर्बिणीतून आधीच कळले होते. दोघे पाळीपाळीने चोचीत किडे घेऊन यायचे, आत जायचे आणि रिकाम्या चोचीने बाहेर पडायचे. आतून बारीक चिवचिव ऐकू यायची.

भाचा म्हणाला, "मामू, थोडं पुढे जाऊ?"

आम्ही म्हणालो, "जा. पण आवाज करू नकोस."

एवढेच नाही, आम्हीही त्याच्याबरोबर गेलो. कपारीपासून बारा फुटांवर एका सपाट दगडावर बसलो. अगदी शांत बसलो, बोललो नाही, हात लावला नाही. तासभर बसलो. मादी समोरच्या दगडावर आली, चोचीत मोठा किडा, मागे हिरवे पाणी, सकाळचे ऊन, डोळ्यात चमक. भाच्याने एकामागून एक तीस-चाळीस चित्रे घेतली. त्यातले एक असे आले की कॅलेंडरवर छापावे.

दुपारपर्यंत ते चित्र सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोहोचले होते. पुण्याच्या खालांपासून दुबईच्या चुलतभावापर्यंत सगळ्यांचे 'माशाअल्लाह' आले. शाळेच्या स्पर्धेला हेच पाठवायचे, असे ठरले.

संध्याकाळी अम्मींना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मुँह में चारा है. फिर अंदर कायकू नइं जा रई?"

आम्ही चित्र पुन्हा पाहिले. मग बाकीची तीस-चाळीसही पाहिली. प्रत्येकात तोच दगड, तीच मादी, तोच किडा. तासाभरात ती एकदाही घरट्यात गेली नव्हती. ज्याला आम्ही 'पोझ' म्हणत होतो, ती तिची अडचण होती. तिच्या आणि तिच्या पिलांच्या मध्ये आम्ही बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर लगेच गेलो. या वेळी लांबच थांबलो. कपारीतून गवताच्या चार काड्या बाहेर लोंबत होत्या. चिवचिव नव्हती. जोडी खालच्या दगडांवर होती, पण वर कुणी जात नव्हते. भिंतीवर एक कावळा बसला होता.

पिले कावळ्याने नेली, सापाने नेली की मुंगसाने, ते आम्ही पाहिले नाही, म्हणून वहीत तसे लिहिलेलेही नाही. कदाचित आम्ही गेलो नसतो तरी हेच झाले असते. घरटी अशी रोज उजाड होतात. पण दोन गोष्टी 'नक्की'च्या रकान्यात आहेत. तासभर आई-बाप पिलांपाशी जाऊ शकले नाहीत. आणि घरटे कुठे आहे हे तिच्या कासावीस होण्यावरून, आमच्या बसण्यावरून, पाहणाऱ्याला कळण्यासारखे होते. कावळा माणसाकडे लक्ष ठेवून असतो, हे अंगणात पापड वाळत घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

भाचा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही.

कुणी दुखावले हिला?

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातला एक प्रसंग वाचकांपैकी अनेकांनी ऐकला असेल. प्रवासात काही सोबत्यांनी एका छोट्या पाखराची दोन पिले उचलली. पाखरू येऊन पंख फडफडवू लागले. पैगंबर मुहम्मद (स.) परत आले, त्यांनी ते पाहिले, पिलांवरून या पाखराला कुणी दुखावले असे विचारले आणि पिले परत ठेवायला सांगितली. आम्ही हा प्रसंग लहानपणापासून ऐकत आलो आणि दर वेळी स्वतःला पिले न उचलणाऱ्यांत धरत आलो. त्या सोबत्यांनी पिले मारली नव्हती, आम्हीही काही मारले नव्हते. प्रश्न पिले उचलण्यापुरता नव्हता, आईच्या फडफडण्याचा होता. ती आम्हाला भिंगातून स्वच्छ दिसत होती आणि आम्ही तिचे चित्र घेत होतो.

देशाचा कायदाही इथे मवाळ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे येते. बंदूक हातात असलीच पाहिजे असे नाही.

आता आमच्या घरचे नियम

त्या आठवड्यात भाचा, लेक आणि आम्ही बसून काही गोष्टी ठरवल्या. दोन वर्षे पाळतो आहोत. ज्या घरात मुलांच्या हाती कॅमेरा किंवा चांगला मोबाइल आहे, त्यांना उपयोगी पडतील म्हणून देतो.

अंतर फुटांत मोजायचे नाही, पक्ष्याच्या वागण्यावर मोजायचे. आपल्यामुळे त्याने हातचे काम सोडले, तर आपण फार जवळ आहोत. किडे टिपत होता आणि थांबला, मान उंच करून आपल्याकडे पाहू लागला, एकसारखा ओरडू लागला, चोचीत चारा धरून आत जाईना, की मागे फिरायचे. टिटवीसारखे पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडतात, ते आपले स्वागत नसते.

घरट्याचा फोटो काढायचा नाही. पाहायचे तर दुर्बिणीने, थोडा वेळ, आणि निघून यायचे. पुढची काडी-पान बाजूला करायची नाही, ते त्याचे छप्पर असते. घरट्याची जागा ग्रुपवर टाकायची नाही.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचे नाही. त्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला. तो दाणापाणी सोडून भांडायला येतो.

पाठलाग करायचा नाही, बसून राहायचे. पक्ष्याच्या मागे फिरणाऱ्याला शेपटी दिसते, एका जागी बसणाऱ्याला चेहरा. त्यासाठी आमच्या किल्ल्याने छान सोय करून ठेवली आहे. तटाच्या भिंतीत जंग्या आहेत, बंदुकीची नळी बाहेर काढायला ठेवलेली भोके. त्यांच्या आड बसले की आपण दिसत नाही. कॅमेरा टेकवायला आम्ही कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी भरून नेतो. दगडावर ती पिशवी, पिशवीवर कॅमेरा. हात थरथरत नाही आणि तिपाईचा खर्च वाचतो.

वेळ सकाळची. उन्हाळ्यात दहा वाजले की काळ्या पाषाणावरून गरम हवा थरथरत वर जाऊ लागते. मग कितीही महाग भिंग असले तरी लांबचे चित्र पाण्यात पाहिल्यासारखे येते.

दुर्बीण घ्यायची तर तिच्यावर ८×४२ असे लिहिलेले पाहावे. म्हणजे आठ पट मोठे दिसणार आणि पुढचे भिंग बेचाळीस मिलिमीटरचे, उजेड भरपूर येणार. जास्त पटीची घेतली तर हात हलतो तशी तीही जास्त हलते. कॅमेरा नसेल तर मोबाइलचे भिंग दुर्बिणीच्या डोळ्याला लावूनही चित्र निघते. पहिल्या दिवशी जमत नाही, चौथ्या दिवशी जमते.

आणि शेवटचे: चित्र ओळखीपुरते आले तर पुरे. भुवई दिसली, शेपटी दिसली, काम झाले. पक्षी मोहरीएवढा आला म्हणून चित्र वाया जात नाही.

त्या फोटोचे काय झाले?

स्पर्धेची तारीख जवळ आली तेव्हा भाच्याने फोन केला. म्हणाला, "मामू, फोटोखाली माहिती लिहायची आहे. काय लिहू?"

आम्ही म्हणालो, "जे झालं ते तुला माहीत आहे. तू ठरव."

दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला. त्याने तो फोटो पाठवलाच नाही. ती जरा नाराज होती, बक्षीस नक्की मिळाले असते म्हणाली. मिळाले असते, यात आम्हालाही शंका नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हातचे बक्षीस सोडणे किती जड जाते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही त्याला सोड म्हणालो नव्हतो. खरे तर पुढे जा म्हणणारे आम्हीच होतो आणि सोडायची पाळी त्याच्यावर आली, याची बोच अजून आहे.

तो फोटो आता आमच्या वहीत चिकटवलेला आहे. खाली त्याच्याच अक्षरात तारीख, वेळ आणि 'अंतर: बारा फूट'. त्याखाली एक ओळ: 'ही आत गेली नाही.'

यंदाच्या एप्रिलमध्ये तो पुन्हा आला. सोळा वर्षांचा झाला आहे, मिसरूड फुटली आहे. धोब्याच्या जोडीने या वेळी पलीकडच्या बाजूला कपार शोधली होती. तीच जोडी की दुसरी, ते सांगता येत नाही. आम्ही तटावर, जंगीच्या आड, ज्वारीच्या पिशवीवर कॅमेरा ठेवून बसलो. मध्ये नदीचे पात्र, साठ-सत्तर मीटरचे अंतर. पक्ष्यांना आमचा पत्ता नव्हता.

घरी येऊन अम्मींना दोन चित्रे दाखवली. आधी त्यांना पक्षी सापडेचना. भाच्याने बोटांनी चित्र मोठे केले. दाणेदार, धूसर, पण काळ्या डोक्यावर पांढरी भुवई स्पष्ट. पहिल्या चित्रात पक्षी कपारीच्या तोंडाशी, चोचीत किडा. दुसऱ्यात, काही सेकंदांनी, तिथेच, चोच रिकामी.

अम्मींनी दोन्ही चित्रे आलटून-पालटून पाहिली आणि मोबाइल परत दिला. "अब बराबर है," म्हणाल्या.

ही दोन चित्रे आम्ही कुणाला पाठवली नाहीत. पाठवली असती तर कुणाला त्यात काही दिसलेही नसते. वहीत मात्र ती 'नक्की'च्या रकान्यात आहेत.

वाचकहो, आपल्या गावच्या नदीकाठी, ईदगाहच्या झाडांवर, शाळेच्या कुंपणावर, घरामागच्या बाभळीवर पाच-दहा जातींचे छोटे पक्षी असतातच. येत्या रविवारी मुलांना घेऊन अर्धा तास बसा. तीन रकान्यांची वही करा. 'माहीत नाही'चा रकाना भरला तर लाजू नका, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला विसरू नका. पुस्तकात नसलेली नावे त्यांच्याकडे असतात. आपल्याकडे बोलली जाणारी पक्ष्यांची नावे, मराठी असोत की दखनी, आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या एखाद्या अंकात ती एकत्र छापू, इन्शाअल्लाह.